मावशींच्या लाडक्या बहिणीच्या पैशातून ८८५ रुपये कापले, बेसिक खातं मागितलं तर म्हणे "आमच्याकडे नसतं"

अबोली_पुणे
४ सप्टेंबर २०२४, रात्री १०:५०

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण चार दिवस झाले हे डोक्यातून जात नाहीये.

आमच्याकडे सहा वर्षं पोळ्या करायला मावशी येतात. मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या, इथे धायरीत एका खोलीत राहतात, पाच घरची कामं करतात. लाडक्या बहिणीचा फॉर्म मीच मोबाईलवर भरून दिला होता. राखीच्या दोन दिवस आधी जुलै-ऑगस्टचे मिळून ३००० जमा झाले, चाळीतल्या बाकी बायकांना पूर्ण मिळाले आणि यांना एटीएममधून दोन हजारच निघाले. त्यांना वाटलं सरकारनेच कमी पाठवले, एखादा कागद राहिला असेल. मी म्हटलं आधी पासबुक भरून आणा.

पासबुकात ३००० जमा आणि त्याच तारखेला खाली एकाखाली एक तीन ओळी, मिनिमम बॅलन्स चार्ज २९५, २९५, २९५, मग एसएमएस चार्ज १७.७०. शिल्लक २०९७.३०. तीन तिमाह्यांचा दंड साठवून ठेवला होता आणि पैसे पडल्या पडल्या ओढून घेतला.

आता हे खातं कुठून आलं तर २०२३ च्या मे महिन्यात मावशींना एका सोसायटीत जिने झाडायचं काम लागलं होतं, ठेकेदाराने सगळ्या बायकांची खाती एकाच बँकेत उघडून घेतली, पगाराचं खातं म्हणून तेव्हा झिरो बॅलन्स. ते काम सप्टेंबरमध्ये सुटलं, यांनी होते ते पैसे काढून घेतले आणि विषय संपला असं समजल्या. पगार यायचा थांबल्यावर खातं आपोआप साध्या सेव्हिंगमध्ये गेलं आणि मिनिमम बॅलन्स लागू झाला. हे यांना कोणी सांगितलं नाही.

मी त्यांच्याबरोबर शाखेत गेले. बँकेचं नाव लिहीत नाही. तिथल्या साहेबांना म्हटलं हे बेसिक खातं (किमान शिल्लक ठेवावी न लागणारं) करून द्या, तर म्हणाले, "मॅडम, झिरो बॅलन्स आमच्या ब्रँचला येत नाही, सरकारी बँकेत जा." मावशी बाजूला पदर सारखा करत उभ्या होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पैसे नाहीत म्हणून पैसे कापतात, हे कुठलं ओ ताई?" मला उत्तर देता आलं नाही.

तर जाणकारांना विचारायचंय, असं खातं मागायचा हक्क खरंच आहे का? आणि ८८५ परत मिळतील का?

--

निशिगंध
४ सप्टेंबर, रात्री ११:२०

आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांचंही अगदी हेच झालंय, त्यांचं पण पगाराचं खातं होतं. वाचतेय.

--

जुना_कॅशिअर
५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

अबोली ताई, मी ३४ वर्षं बँकेत काढली, शेवटची सहा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत. तुम्हाला काउंटरवर जे सांगितलं ते साफ चूक आहे.

२००५ साली रिझर्व्ह बँकेने 'नो फ्रिल्स' खाती काढायला लावली. त्या नावालाच कमीपणा चिकटला, लोक म्हणायचे गरिबाचं खातं. म्हणून १० ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकाने ते बदलून 'बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट' केलं, बँकेत आम्ही बीएसबीडी म्हणतो. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, पैसे भरायला कितीही वेळा मुभा, आणि महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढणं मोफत. सरकारी, खाजगी, परदेशी, सगळ्या बँकांना लागू. उत्पन्नाची अट घालता येत नाही, उद्या तुम्ही स्वतः जरी मागितलं तरी द्यावं लागेल. असलेलं सेव्हिंग खातं बीएसबीडीत बदलूनही मिळतं, फक्त त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही. जनधन म्हणजे याच जातीचं खातं, वर विमा आणि ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसताना थोडी उचल) जोडलेला.

दंडाचं वेगळं परिपत्रक आहे, नोव्हेंबर २०१४ चं, १ एप्रिल २०१५ पासून लागू. त्यात शिल्लक कमी झाली की ग्राहकाला एसएमएस, मेल किंवा पत्राने आधी कळवायचं, महिनाभर मुदत द्यायची, मगच दंड. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. आणि नुसत्या दंडामुळे खातं शून्याच्या खाली जाता कामा नये. यातला शेवटचा मुद्दा बघा, शून्याखाली न्यायचं नाही म्हणून सिस्टीम आकार बाजूला मांडून ठेवते आणि पैसे पडले रे पडले की वसूल करते. अक्षर पाळलं, हेतू गेला. मला हे कधीच पटलं नाही, नोकरीत असतानाही बोललोय.

तुम्ही एक बघा, मावशींच्या खात्याला मोबाईल नंबर कोणाचा आहे? आधी कळवलं असं बँक म्हणेल, पण कळवलं कोणाला?

--

तीन_पैसे
५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

सगळं मान्य पण खातं चालवायला बँकेला खर्च येतो, तो कोणी द्यायचा? आणि मुळात घरकामाचे पैसे रोखीत मिळतात, रोखीत खर्च होतात, या बायकांना खात्याची एवढी गरज आहे का हा पण प्रश्न आहे.

--

अबोली_पुणे
५ सप्टेंबर, दुपारी १:१५

@तीन_पैसे, गरज आहे का ते मी सांगते. मावशींचं पासबुक त्यांच्या घरी नसतं, माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात असतं. खोलीत ठेवलेली रोख टिकत नाही, नवऱ्याला सापडते आणि रात्री ती संपलेली असते. एकदा त्यांनी मुलीच्या क्लासची फी डाळीत लपवली होती ती पण गेली. खात्यातले पैसे ही त्यांच्या आयुष्यातली पहिली रक्कम आहे जिच्यावर दुसऱ्या कोणाचा हात पडत नाही, आणि तिच्यावर बँकेने हात टाकला म्हणून मी एवढी चिडलेय.

@जुना_कॅशिअर काका, खूप खूप आभार. मोबाईल नंबर आज तपासते.

--

सीमा_सोलापूर
५ सप्टेंबर, दुपारी ३:४०

अबोली, तुझं वाचून आईचं पासबुक काढलं. आई विड्या वळते, चाळीस वर्षं झाली. नोटाबंदीनंतर मजुरी खात्यात यायला लागली तेव्हा आमच्या गल्लीत बायका घाबरल्या होत्या, आठवड्याचा बाजार कसा करायचा, बँकेत दिवस गेला तर हजार विड्या कोण वळणार. म्हणजे एक दिवस बँकेत गेला की एका दिवसाची मजुरी गेलीच, हा खर्च कुठल्याच चार्जच्या तक्त्यात नसतो.

तर आईच्या खात्यात मेच्या शेवटी ४३६ आणि २० असे दोन डेबिट दिसतात, दरवर्षी. ४३६ म्हणजे जीवनज्योती विमा आणि २० चा अपघाताचा. आईला काहीच माहीत नाही, सही कुठेतरी घेतलेली असणार. विमा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे आणि हप्ता खरंच कमी आहे. पण विमा काढलाय हेच घरात माहीत नसेल तर उद्या काही झालं तर मागणार कोण? हप्ता आईने भरायचा आणि क्लेम कोणी करायचाच नाही, असं झालं ना हे. मी आता आईला कागदावर लिहून दिलंय आणि तो कागद देवघरातल्या फोटोमागे लावलाय.

--

चालू_खाते
५ सप्टेंबर, रात्री १०:१०

मी एका सरकारी बँकेत अधिकारी आहे, मराठवाड्यातली शाखा. दुसरी बाजू पण ऐका, भांडायला नाही लिहीत.

ऑगस्टमध्ये आमच्या शाखेत सकाळी सातपासून बायकांची रांग असायची, शटर उघडायच्या आत दोनशे. स्टाफ आम्ही चार, त्यात एक कॅशवर. प्रत्येकीचं एकच, आधार लिंक आहे का बघा. आणि याच वेळी वरून विम्याचं टार्गेट, सोनेतारणाचं टार्गेट, एनपीएच्या म्हणजे थकलेल्या कर्जांच्या याद्या. बीएसबीडी खात्याला कोणी टार्गेट देत नाही, त्यामुळे काउंटरवरचा नवा मुलगा ते नावच विसरलेला असतो. त्याची चूक आहेच पण तो दुष्ट नाही.

आता एक महत्त्वाचं, जे ९० टक्के लोकांना कळत नाही. आधार खात्याला जोडणं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यायला) सीडिंग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं. दुसरं म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था) यादीत तुमच्या आधारसमोर कुठल्या बँकेचं नाव आहे ते, आणि तिथे एका वेळी एकच बँक असते, शेवटी जिने सीडिंग केलं ती. योजनेच्या फॉर्मवर तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहा, आधारवर येणारा पैसा त्या यादीतल्या बँकेत जातो. ठेकेदाराने खाती काढताना संमतीच्या रकान्यात टिक झाली असणार, म्हणून मावशींचे पैसे तिकडे गेले. माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून आहे, मावशींच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येईल, बघून घ्या.

आणि त्यांचं गावाकडे जनधन आहे का विचारा. २०१४-१५ मध्ये शिबिरं लावून काढलेली खाती प्रत्येक घरात आहेत, लोक विसरलेत.

--

रानमळा
६ सप्टेंबर, सकाळी ६:३०

बीड जिल्हा, केज तालुका. आमच्याकडं खाती लय हायत, पैसे काढायची पंचाईत हाय.

दसरा-दिवाळीच्या मधी टोळ्या ऊसतोडीला जातात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. सहा महिने गाव रिकामं. खातं इथं, माणूस तिथं. उचल मुकादम रोखीतच देतो. तिकडं कारखान्यावर एखादा बँकमित्र, म्हणजे बँकेनं नेमलेला एजंट, मशीन घेऊन येतो, आधारवर अंगठा लावून पैसे काढून देतो. आता कोयत्यानं आणि उसाच्या पाचटानं हाताची सालटी निघालेली, अंगठा उठतच नाही. माझ्या चुलतीचा तीनदा लावला, तीनदा मशीन म्हणलं फेल, आणि बँकमित्र म्हणला उद्या या. पंधरा दिवसांनी पासबुक भरलं तर एकदाचे दोन हजार गेलेले. पावती दिलीच नव्हती. हजाराला वीस रुपये वरून घेतात ते निराळंच, ते घ्यायचं नसतंय पण कोण भांडतंय.

दोन गोष्टी अनुभवानं सांगतो. अंगठाच लावावा असं नाही, दहापैकी कोणतंही बोट चालतं, करंगळी आणि अनामिका कमी झिजतात, आधी त्या लावून बघा. आणि फेल झालं तरी पावती मागा, फेलची पण पावती निघती. पावती देत नसंल तर पुढच्या वेळी दुसरीकडं जा. चुलतीचे दोन हजार बँकेत अर्ज दिल्यावर सव्वा महिन्यानं आले, तवर उसनवारी. आता आमचा पोस्टमन पोस्टाच्या पेमेंट बँकेचं मशीन घेऊन घरी येतो, माणूस ओळखीचा हाय म्हणून बाया त्याच्याकडंच काढतात.

--

निशिगंध
६ सप्टेंबर, सकाळी ८:५०

रानमळा दादा, करंगळीचं आमच्या कामवाल्या ताईंना लगेच सांगितलं. भांडी घासून त्यांचाही अंगठा कधी उठत नाही, रेशनच्या मशीनवर पण तेच रडगाणं.

--

अबोली_पुणे
६ सप्टेंबर, रात्री ९:००

काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. खात्याला मोबाईल नंबर ठेकेदाराच्या सुपरवायझरचा आहे! सगळ्या बायकांच्या खात्याला त्याचाच. म्हणजे वर्षभर "शिल्लक कमी आहे" चे मेसेज त्याला जात होते, आणि ते मेसेज पाठवल्याचे १७.७० मावशींकडून घेतले.

आणि @चालू_खाते, गावाकडे जनधन आहे. मावशींना पक्कं आठवत नव्हतं, मग जावेला फोन लावला, तिने ट्रंकेतून शोधून पासबुकाचा फोटो पाठवला. सप्टेंबर २०१४, शाळेत शिबिर होतं तेव्हाचं. पासबुकात शेवटची नोंद २०१७ ची, शिल्लक ११२ रुपये. फोटोत मावशी इतक्या तरुण दिसतात की मी आधी ओळखलंच नाही.

पण ते खातं आता बंद पडलं असेल ना? आणि त्यासाठी गावी जावं लागेल का, एक खेप म्हणजे दोन दिवसांची कामं आणि दीड हजार तरी खर्च.

--

जुना_कॅशिअर
७ सप्टेंबर, सकाळी ७:२०

गावी जायची गरज नाही. दोन वर्षं ग्राहकाने स्वतः काही व्यवहार केला नाही की खातं 'इनऑपरेटिव्ह' होतं, बंद होत नाही, पैसे सुरक्षित असतात. त्याच बँकेची पुण्यातली कुठलीही शाखा केवायसी घेऊन चालू करू शकते. या १ एप्रिलपासून नवीन नियम लागू झालेत, असं खातं चालू करायला चार्ज घ्यायचा नाही, आणि इनऑपरेटिव्ह खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंडही लावायचा नाही. आधार, फोटो आणि नवीन मोबाईल नंबरचा अर्ज घेऊन जा.

आता परवाच २८ ऑगस्टला जनधनला दहा वर्षं झाली. सरकारी आकडा ५३ कोटी खात्यांचा आहे, त्यातली निम्म्याहून जास्त बायकांची. हे काम मोठं झालं यात शंका नाही, मी स्वतः रविवारी शिबिरात बसून फॉर्म भरलेत. पण गेल्या डिसेंबरमध्ये संसदेत दिलेल्या उत्तरात ५१ कोटींपैकी दहा कोटींच्या वर खाती निष्क्रिय होती. तुमच्या मावशी त्या दहा कोटींतल्या एक. आणि याच जुलैत लोकसभेत दुसरं उत्तर आलं, पाच वर्षांत सरकारी बँकांनी मिनिमम बॅलन्सच्या दंडातून जवळजवळ ८,५०० कोटी गोळा केले. यात स्टेट बँक फक्त पहिल्या वर्षापुरती, मार्च २०२० मध्ये तिने हा दंडच काढून टाकला, आणि तरी ती बँक बुडाली नाही. @तीन_पैसे, खर्च कोणी द्यायचा या प्रश्नाला माझं हे उत्तर. ज्याच्याकडे शिल्लक ठेवायला नाही त्याच्याकडूनच वसूल करायचा ही पद्धत मला आयुष्यभर खटकली.

--

माणदेशी_मुलगी
७ सप्टेंबर, दुपारी १२:१०

साताऱ्याची आहे म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली ती याच कारणाने. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते, कुठली बँक खातं द्यायला तयार नव्हती, एवढ्याशा रकमेला कोण खातं उघडणार. ती सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हांकडे आली आणि तिथून बँकेची कल्पना निघाली. पहिला परवान्याचा अर्ज नामंजूर झाला कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. त्या बायका लिहायला शिकल्या आणि रिझर्व्ह बँकेत जाऊन म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचं व्याज आम्हाला तोंडी विचारा आणि तुमच्या अधिकाऱ्यांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. मग परवाना मिळाला.

आमच्याकडे हे लहानपणापासून ऐकत आलोय. बायकांना हिशोब कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवडी बाजारात एकदा माळव्याच्या पाटीपाशी बसावं.

--

हॅम्बुर्गकर
७ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४५

इथली एक गोष्ट सांगतो, तुलना म्हणून. जर्मनीत जून २०१६ पासून कायद्यानेच प्रत्येकाला 'बाझिसकोंटो' म्हणजे मूलभूत खातं मागायचा हक्क आहे, बेघर माणसाला आणि निर्वासितालाही. अर्ज दिला की दहा कामाच्या दिवसांत बँकेला उत्तर द्यावं लागतं, नाकारलं तर कारण लेखी. पण ते फुकट नाही, महिन्याला फी असते. आपल्याकडे उलटं, खातं फुकट आहे पण नाकारणाऱ्याला लेखी काही द्यावं लागत नाही, तोंडी "नसतं" म्हटलं की माणूस घरी जातो. म्हणून मला वाटतं तोंडी विचारूच नये, कागदच पुढे करावा.

--

तीन_पैसे
७ सप्टेंबर, रात्री ९:३०

तांदळाच्या डब्याचं वाचलं. मी खात्याची गरज काय असं लिहिलं होतं ते मागे घेतो. माझ्या घरी ज्या बाई येतात त्यांना उद्या विचारतो त्यांचं खातं कुठे आहे ते.

--

चालू_खाते
८ सप्टेंबर, सकाळी १०:००

हॅम्बुर्गकरांना अनुमोदन, कागद द्याच. शाखेत अर्ज आला आणि त्यावर पोच दिली की ती गोष्ट आम्हाला टाळता येत नाही, हे आतून सांगतोय.

तक्रारीचा रस्ता असा, आधी बँकेकडे लेखी तक्रार, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे.

आणि ज्यांच्याकडे आधार किंवा दुसरं काहीच ओळखपत्र नाही त्यांच्यासाठी 'छोटं खातं' असतं. फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, बस. मर्यादा आहेत, शिल्लक ५० हजारांच्या वर नाही, महिन्याला १० हजारांच्या वर काढता येत नाही, वर्षात एकूण जमा एक लाखापर्यंत. बारा महिने चालतं, तोवर ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी बारा महिने. पालावर राहणाऱ्या लोकांसाठी हे फार उपयोगी आहे आणि मी माझ्या शाखेत आत्तापर्यंत फक्त दोन उघडलीत, हे लिहिताना वाईट वाटतंय.

--

सीमा_सोलापूर
८ सप्टेंबर, दुपारी २:२०

काका, एक विचारायचं होतं, चार वेळा काढणं मोफत म्हणता त्यात यूपीआय धरतात का? आईच्या शेजारणीला किराणा दुकानात स्कॅन केल्यावर चार्ज लागला होता म्हणे पूर्वी.

--

जुना_कॅशिअर
८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१५

लागला असणार. आयआयटी मुंबईचे प्रा. आशिष दास यांनी यावर चिकाटीने काम केलंय. बेसिक खात्यात चारच्या पुढच्या प्रत्येक डेबिटला १७.७० कापले जात होते, अगदी डिजिटल असलं तरी, आणि एकट्या स्टेट बँकेने २०१५ ते २०२० मध्ये असे ३०० कोटींच्या वर घेतल्याचं त्यांच्या अहवालात आहे. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना सांगितलं की १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे कार्डाच्या व्यवहारांवर घेतलेले आकार परत करा. वीस रुपयांची कोथिंबीर-मिरची घेऊन १७ रुपये चार्ज, विचार करा. एका प्राध्यापकाने आकडे मांडले म्हणून हे बाहेर आलं. शेजारणीला म्हणावं जुनं पासबुक जपून ठेवा.

--

अबोली_पुणे
१ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, बरंच झालंय मधल्या काळात.

जनधनवाल्या बँकेच्या इथल्या शाखेत गेलो. पहिल्या दिवशी "होम ब्रँचला जा" ऐकलं. काकांनी सांगितलं होतं म्हणून मी शांतपणे म्हटलं की केवायसी कुठल्याही शाखेत होते, लेखी अर्ज आणलाय, पोच द्या. काउंटरवरच्या मुलीने आत जाऊन विचारलं आणि परत येऊन फॉर्म दिला. एवढंच. नंतर ती मुलगी खूप नीट वागली, मावशींचा अंगठा तीनदा उठला नाही तर तिनेच करंगळी घेतली (रानमळा दादा!). मोबाईल नंबर मावशींचा स्वतःचा टाकला. चौथ्या दिवशी खातं चालू. आधार सीडिंगचा फॉर्मही तिथेच दिला, आठवड्याने साइटवर नवीन बँकेचं नाव दिसायला लागलं.

आणि सप्टेंबरअखेरचा हप्ता परवा तिकडे जमा झाला, पूर्ण १५००. शिल्लक १६१२ आणि वर थोडं जुनं व्याज.

जुन्या बँकेत ८८५ ची तक्रार ९ सप्टेंबरला दिलीय. त्यात एवढंच लिहिलं की आगाऊ सूचना खातेदाराला मिळालीच नाही, नोंदवलेला नंबर तिचा नाही, तिमाहीवार सूचना कोणत्या तारखेला कोणत्या नंबरवर पाठवली ते कळवा. पोच देताना साहेबांनी माझ्याकडे बघितलं पण काही बोलले नाहीत.

--

रानमळा
२ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

लय भारी वाटलं ताई. आमची टोळी आता निघंल, जायच्या आत वस्तीवरच्या सगळ्यांचं सीडिंग बघून घेतो. मोबाईल नंबरचं तर डोक्यातच नव्हतं, निम्म्या बायांना मुकादमाचा नंबर हाय.

--

अबोली_पुणे
१८ डिसेंबर २०२४, रात्री ९:४५

तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही, मग ऑक्टोबरच्या मध्यावर सीएमएसवर टाकलं. पोचपावती, पासबुकाच्या पानाचा फोटो आणि मावशींचं पत्र जोडलं. पत्र मुलीने लिहिलं, आठवीत आहे, अक्षर सुंदर. सोसायटीतल्या त्या बाकीच्या सात बायकांनाही शोधलं, चौघींच्या खात्यात असाच दंड मांडून ठेवलेला होता, त्यांच्याही तक्रारी दिल्या.

आज मावशींचे ८८५ परत आले. एसएमएसचे १७.७० नाही दिले, त्यावर पुन्हा लिहिलंय. पैसे हातात पडल्यावर ते खातं बंद करायचा अर्ज दिला, वर्ष उलटून गेलं होतं त्यामुळे बंद करायला काही लागलं नाही.

बाकीच्या चौघींपैकी दोघींचं आलंय, दोघींचं बाकी आहे.

--

नवीन_सभासद_कोथरूड
१९ डिसेंबर, सकाळी ११:००

ताई, आमच्या मावशींचं जनधन नाहीये, त्यांना आहे तेच खातं बेसिकमध्ये बदलून हवंय. अर्ज कसा लिहायचा, मराठीत चालतो का?

--

अबोली_पुणे
१९ डिसेंबर, दुपारी १:३०

मराठीत अगदी चालतो. काकांनी मला जो मसुदा पाठवला होता तोच खाली देतेय, नाव आणि क्रमांक टाका, दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच काउंटरवरून हला. शक्यतो सकाळी साडेदहाला जा, दहा तारखेच्या आत नको, पेन्शनची गर्दी असते.

"प्रति, शाखाधिकारी. विषय: माझे बचत खाते क्रमांक ---- हे बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंटमध्ये रूपांतरित करण्याबाबत. महोदय, वरील खाते माझ्या नावे आपल्या शाखेत आहे. रिझर्व्ह बँकेच्या १० ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकानुसार व त्यानंतरच्या सूचनांनुसार हे खाते बेसिक बचत खात्यात बदलून मिळावे ही विनंती. आपल्या बँकेत माझे दुसरे बचत खाते नाही. माझा सध्याचा मोबाईल क्रमांक ---- असा असून तो खात्यास नोंदवावा, आधीचा क्रमांक काढून टाकावा. विनंती मान्य करता येत नसल्यास त्याचे कारण मला लेखी कळवावे. आपली विश्वासू, सही / अंगठा."

अंगठा असेल तर बाजूला साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा.